जाळी माझी, पट्टे सरकारचे

बाई दोन्ही मनगटांवर घड्याळ बांधायच्या. उजव्यावर आपली वेळ, डाव्यावर साडेपाच तास मागची. शाळेचा शिपाई घंटा देण्याआधी विचारायचा, "बाई, किती वाजले?" तर त्या उलट विचारायच्या, "कुठले?" जगभरचे हौशी रेडिओवाले डाव्या घड्याळावर चालतात, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मी चेष्टेनं म्हणालो, "मग गावानं कोणत्या घड्याळावर चालायचं?" त्या म्हणाल्या, "गावाचं जाऊ द्या. तुमचं ऑफिस कोणत्याच घड्याळावर चालत नाही, ते पाहा आधी."

तेव्हाच्या आंध्रात, आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंड्याहून बोथकडे जाताना मधेच आत वळलं की आमचं गाव. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास मी तिथं वीज खात्याच्या लहानशा ऑफिसात कारकून होतो. बाई हायस्कुलात मराठी माध्यमाच्या वर्गांना विज्ञान शिकवायच्या. किनवटकडच्या, बौद्ध घरातल्या. आईवडील जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले आणि लेकीला हैदराबादला शिकायला धाडलं. तिथं कुणाच्या तरी घरी त्यांनी हा हौशी रेडिओ पाहिला. परीक्षा दिली, टकटक करून निरोप पाठवायची ती भाषा शिकल्या आणि स्वतःच्या नावाचं सरकारी लायसन घेऊन आमच्या गावात आल्या. लग्न केलं नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्या, त्यावरच्या स्लॅबवर दोन उंच बांबू, आणि दोन्हींच्या मधे ताणलेली तांब्याची तार. शेजारणीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "बाई, इतल्या उच्च्या दोरीवर लुगडं वाळू घालता तरी कशा?"

त्या तारेवरून बाई कुठंकुठं बोलायच्या. पलीकडचा माणूस कधी रशियातला असायचा, कधी केरळातला. बोलणं मात्र अगदी साधं. तुझा आवाज इतका इतका येतो, माझा कसा येतो, तिकडं हवा कशी आहे. मी म्हणायचो, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? त्या म्हणायच्या, "आवाज नीट पोचला का, हे विचारणारं दुसरं कोण भेटतं आपल्याला?"

आवाज ओळखायची त्यांना खोडच होती. रेडिओत खरखर आली की तुम्ही-आम्ही बटण फिरवतो. बाई डोळे मिटून बसायच्या. "ही शिंप्याची मशीन. ही पिठाची गिरणी, पट्टा ढिला झाला आहे. आणि हा डॉक्टरांचा फ्रिज, फार दिवस काढणार नाही." आठवड्यात डॉक्टरांचा फ्रिज खरंच बंद पडला आणि गावात बोलवा झाली की बाईंची नजर वाईट आहे. बाईंना काही वाटलं नाही. "आवाज येतो म्हणजे कुठून तरी येतो," त्या म्हणायच्या. "जाऊन बघायचं. घाबरायचं काय त्यात?"

घाबरणं त्यांच्या अंगातच नव्हतं, किंवा असेल तर त्यांनी ते कुणाला दिसू दिलं नाही. त्या दिवसांत आमच्याकडच्या जंगलात नक्षलवाद्यांची दलमं फिरायची, आणि एकट्या बाईच्या घरात वायरलेस म्हटल्यावर ठाण्यातून एक तरुण साहेब येणारच होता. बाईंनी लायसन दाखवलं, बोलणं झाल्याची पोच म्हणून देशोदेशींहून आलेली कार्डं दाखवली. तरी तो यंत्र जीपमधे घालून घेऊन गेला. "चेक करके देंगे" म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की बाई ठाण्यातल्या बाकावर. सोबत वह्यांचा गठ्ठा. दिवेलागणीपर्यंत वह्या तपासायच्या आणि घरी जायच्या. चौथ्या दिवशी जमादारानं विचारलं, "मॅडम, आप रोज काय कू आते?" बाई म्हणाल्या, "मेरा रेडिओ यहाँ है ना. उसको अकेला कैसा छोडूँ?" नवव्या दिवशी यंत्र परत मिळालं. तिथल्याच टेबलावर जोडून, चालतं की नाही पाहून, मगच त्यांनी पोचपावतीवर सही केली.

खरी लढाई झाली ती टीव्हीवरून. आदिलाबादचं प्रक्षेपण आमच्या गावापर्यंत जेमतेम पोचायचं. म्हणून लोकांनी उंच पाइपावर अँटेना चढवले, त्याला बूस्टर लावले. गावात तेव्हा बारा-तेरा टीव्ही असतील. रविवारी सकाळच्या मालिकेला सरपंचांच्या ओसरीवर पन्नास माणूस जमायचं, मीही त्यातलाच. आणि नेमकं तेव्हाच चित्र बिघडायचं. कधी पडदाभर ठिपक्यांचे दोन पट्टे वरखाली सरकायचे, कधी चित्रावर बारीक जाळी पडायची. कुणीतरी स्लॅबवरच्या तारेकडं बोट दाखवलं आणि सगळ्या गावाला कारण सापडलं.

सरपंचांनी बाईंना बोलावून घेतलं. माणूस मोठ्या शेतीचा, पण बोलायला गोड.

"बाई, तुमी शिकल्यासवरल्या. ते तार काढून टाका. अख्खं गाव बोंबलून राह्यलं."

"तार निघणार नाही," बाई म्हणाल्या.

"काऊन?"

"लायसन माझ्या नावाचं आहे, म्हणून. आणि तार काढूनही टीव्ही तसाच राहिला, तर ती परत बांधून द्यायला स्लॅबवर कोण चढणार? तुम्ही?"

ओसरीवर कुणी हसलं नाही. एका बाईमाणसानं, त्यातही त्या वस्तीतून आलेल्या बाईमाणसानं, सरपंचांना असं विचारलेलं गावानं ऐकलं नव्हतं. बाईंनी पिशवीतून कागद काढले आणि ज्यांच्या-ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांना एकेक दिला. पंधरा दिवस लिहून ठेवा, कोणत्या वारी, किती वाजता, पट्टे की जाळी. "मी यंत्र कधी चालवलं ते माझ्या वहीत असतं. लिहावंच लागतं. मग दोन्ही जोडून पाहू."

पंधरा दिवसांनी रविवारी मालिका संपल्यावर तिथंच हिशेब लागला. बाई एकेक कागद वाचत होत्या. "बुधवार, सकाळी अकरा, पट्टे. तेव्हा मी नववीत प्रकाशाचा धडा घेत होते. सरपंच, तुमचाच नातू पहिल्या बाकावर होता. विचारा त्याला." असे निम्म्याहून जास्त कागद निघाले. मग त्यांनी खोलीची किल्ली काढून सरपंचांच्या हातावर ठेवली. "माझं यंत्र बंद आहे. लावा टीव्ही." टीव्ही लावला. ठिपक्यांचे दोन पट्टे आरामात सरकत होते.

"आता किल्ली द्या," म्हणून त्या घरी गेल्या. पाचेक मिनिटांत चित्रावर जाळी पसरली आणि टीव्हीतल्या माणसाच्या तोंडातून बाईंचा आवाज आला, "हॅलो, एक, दोन, तीन." पोरंसोरं किंचाळली. एका म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला.

बाई परत आल्या त्या घामानं भिजलेल्या. "दिसली ना जाळी? ती माझी. ती मी काढून देईन, तो माझा धर्म आहे. पण पट्टे माझे नाहीत. ते विजेच्या लाइनीतून येतात. पट्टे सरकारचे." आणि त्यांनी थेट माझ्याकडं बोट केलं. माझ्या हातात सरपंचांच्या घरचा चहा होता. तो तसाच निवला.

जाळी त्यांनी खरंच काढली. "आधी आपलं घर" म्हणून सुरुवात स्वतःच्या यंत्रापासून. अर्थिंगसाठी अंगणात हातभर खोल खड्डा, त्यात तांब्याचा पत्रा, कोळसा, मीठ, आणि रोज संध्याकाळी त्यावर तांब्याभर पाणी. गल्लीतल्या बायकांना वाटलं, बाईंनी काहीतरी व्रत धरलं. मग मलमाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्या शाळेतल्या पोरांकडून गोळा केल्या. त्यात तारेची चिमुकली वेटोळी बसवून, ज्यांच्या टीव्हीत जाळी यायची त्या प्रत्येक घरी, बूस्टरच्या अलीकडं एकेक डबी जोडून दिली. आपला आवाज त्या डबीशी अडतो आणि टीव्हीचा आवाज आत जातो, एवढं मला समजलं. दोन घरांनी त्यांना आत घेतलं नाही. त्यांच्या डब्या बाहेर ओट्यावर बसून तयार केल्या, आणि कशी जोडायची ते दारातून सांगितलं. मला राग आला होता. "काऊन करता यांच्यासाठी?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांच्यासाठी कोण करतं? माझ्या आवाजानं कुणाचं बिघडलं असं नको, म्हणून करते. त्यांचं दार त्यांच्यापाशी."

राहिले पट्टे. त्यासाठी बाई दर सोमवारी आमच्या ऑफिसात एक अर्ज द्यायच्या. शेवटी साहेबांनी, म्हणजे आमच्या इंजिनियरनं, कंटाळून त्यावर "मुआयना करावा", म्हणजे पाहणी करावी, असं लिहिलं, आणि मुआयन्याला मी आणि लाइनमन पोशन्ना निघालो. एप्रिलचं ऊन. पुढं बाई, छातीशी ट्रान्झिस्टर धरलेला. मागं शिडी घेतलेला पोशन्ना. एकेका खांबाखाली थांबायचं, ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवायचा, जिकडं टोक केलं की खरखर मरते तिकडं चालायचं; खरखर त्याच बाजूनं येते, असं बाई म्हणायच्या.

"टीचरम्मा," पोशन्ना म्हणाला, "इसमे गाना नहीं आता?"

"आलं तर बदलते रे. मला दोन गाण्यांच्या मधली जागा पाहिजे, नुसत्या खरखरीची."

अशा दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही बुद्धवाड्याच्या टोकाला पोचलो. तिथं मोठ्या लाइनचा एक लोखंडी खांब होता. त्याच्याखाली ट्रान्झिस्टर असा किंचाळायला लागला की बाईंनी तो बंदच केला. पोशन्नानं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. तार ज्यावर बसते तो चिनीमातीचा कप एका अंगानं तडकला होता.

समोरच्या घरातून एक बाई बाहेर आली. गयाबाई तिचं नाव, मजुरीला जाणारी. कमरेवर हात ठेवून ती आमच्याकडं पाहत राहिली.

"त्या खांबाले पाहून राह्यले का? आता?" ती म्हणाली. "मागल्या पावसात माही म्हैस मेली तवा कुठी होते? खांबाले आंग घासलं अन् जागच्या जागी. म्या दरखास देल्ली होती. आंगठा लावून."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी वरच्या कपाकडं पाहिलं.

तो अर्ज मला आठवत होता. साहेब म्हणाले होते, खात्यावर बालंट नको. लिहून टाक, जनावर सर्पदंशानं मेलं असावं. मी तो शेरा माझ्या वळणदार अक्षरात लिहिला आणि अर्ज मिसलीत, म्हणजे फायलीत, लावून दोरी बांधली. पाहणीला कुणी गेलं नाही. मी तर तोपर्यंत त्या वस्तीत पाऊलही टाकलं नव्हतं.

परतताना बाई भराभर पुढं चालत होत्या. ऑफिसच्या दाराशी मात्र थांबल्या. "नीट ऐका. कोरड्या हवेत त्या भेगेत ठिणगी उडते, म्हणून पट्टे येतात. पाऊस पडला की भेग पाण्यानं भरते. ठिणगी थांबते, टीव्ही साफ होतो. आणि वीज त्या पाण्यातून खांबात उतरते. टीव्ही खराब आहे तोवर खांब बरा. टीव्ही साफ झाला की त्या खांबापाशी कुणी जायचं नाही."

मी हे साहेबांना सांगितलं. साहेब खूश झाले. "म्हणजे पावसाळ्यात तक्रार आपोआप मिटते! मग कशाला एवढं? सामान नाही म्हणून लिहा." बाईंना हे कळल्यावर त्या स्वतः आल्या. "पट्टे आपोआप जाणार आहेत, म्हणूनच घाई आहे," असं त्यांनी साहेबांच्या टेबलावर हात ठेवून सांगितलं. साहेबांनी बेल दाबून पाणी मागवलं. स्टोअरमधे कप होते. सहा होते, मी मोजले होते. नव्हती ती फक्त सही.

मे संपताना एका रविवारी सकाळीच वळीव आला. सरपंचांच्या ओसरीवर आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. मालिका सुरू झाली आणि चित्र असं स्वच्छ, की माणसांच्या अंगावरचा एकेक दागिना दिसावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच म्हणाले, "पाहा! गेले की नाई पट्टे? बाई उगाच सरकारले नावं ठेवून राह्यली होती."

मी उठलो आणि पावसातच पळत बुद्धवाड्यात गेलो.

बाई माझ्या आधी पोचल्या होत्या. खांबाभोवती आठ-दहा पावलांवर त्यांनी चार काठ्या रोवून दोरी बांधली होती आणि हातात मोडकी छत्री घेऊन त्या दोरीपाशी उभ्या होत्या. दुसऱ्या बाजूला डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली गयाबाई. दोघी मिळून शेळ्या हाकत होत्या, पोरांवर ओरडत होत्या. बाईंचा घसा बसला होता.

"लाइन बंद करा," त्या म्हणाल्या.

"साहेबांच्या हुकमाशिवाय नाही करता येत. साहेब आदिलाबादला गेले."

"मग हुकूम येईपर्यंत मी इथं उभी. रात्र झाली तर रात्रभर. तुमीबी उभे राहा, नाहीतर जा अन् पाहा तुमची मालिका."

रागावल्या की त्यांची शाळेतली मराठी सुटायची आणि घरची यायची. गयाबाईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती एका वासराला दोरीबाहेर ढकलत होती.

मी ऑफिसात गेलो. लाइन बंद करायचा दांडा ऑफिसमागच्या खांबावर, त्याच्या कुलपाची किल्ली माझ्या कपाटात. पोशन्ना व्हरांड्यात बिडी ओढत होता. मी किल्ली पुढं केली.

"सार, परमिशन?"

"माझी," मी म्हणालो.

पोशन्नानं बिडी विझवली आणि दांडा खाली ओढला. गावभरातून एकच ओरडा उठला. तो आम्हाला पावसातही ऐकू आला.

स्टोअरचं कुलूपही मीच काढलं. आम्ही नवा कप घेऊन खांबापाशी पोचलो, पोशन्नानं लांब काठीनं तारांवर वीज जमिनीत उतरवणारी साखळी टाकली, तोवर मालिका बुडालेला अर्धा गाव तिथं जमा झाला होता. सगळ्यांच्या पुढं सरपंच.

"लाइन कोनं काटली?"

बाई काही बोलायच्या आत मी म्हणालो, "मी."

"कोनाच्या हुकमानं?"

"दोरीच्या अल्याडच थांबा," बाई बसक्या आवाजात म्हणाल्या. "काय विचारायचं ते तिथूनच विचारा. पोशन्ना, चढ."

सरपंचांचा पाय दोरीवर होता. तो त्यांनी मागं घेतला. पोशन्ना निसरड्या खांबावर चढला. पाऊण तास लागला. जुना कप सुटताच त्याच्या हातात दोन तुकडे झाला. खाली उतरून त्यानं ते तुकडे दोरीवरून सरपंचांच्या हातात दिले. भेगेच्या कडा आतून काळ्या जळाल्या होत्या. सरपंचांनी ते बराच वेळ उलटेसुलटे करून पाहिले, मग गयाबाईच्या घराकडं पाहिलं. एवढंच म्हणाले, "आता तरी चालू करा लाइन."

त्या दिवसापासून पट्टे गेले, पाऊस नसतानाही. तार मात्र पुढं तीन वर्षं, बाईंची भैंशाला बदली होईपर्यंत, स्लॅबवर तशीच होती. काढा म्हणायला परत कुणी गेलं नाही.

मला चौथ्या दिवशी मेमो आला. परवानगीशिवाय लाइन बंद का केली, स्टोअर का उघडलं, तीन दिवसांत खुलासा करा. मी मसुदा केला आणि तो घेऊन बाईंकडं गेलो. माझ्या मनात होतं, त्या शाबासकी देतील. त्यांनी लाल पेन घेतलं. शेवटचं वाक्य होतं, "माझ्याकडून चूक झाली असल्यास क्षमा असावी."

"लाइन बंद केली ही चूक होती?"

"नाही."

त्यांनी वाक्य खोडलं. "मग चूक कुठली?"

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी मान खाली घालून लिहिलं, की या खांबाबद्दल मागच्या पावसाळ्यात अर्ज आला होता, पाहणी न करता त्यावर सर्पदंशाचा शेरा मी लिहिला, आणि तो खोटा आहे. बाईंनी वाचलं. "हे इंजिनियरसाठी झालं. ज्या बाईची म्हैस गेली तिला कोण सांगणार?"

"तुम्ही येता सोबत?"

"मी नाही येत. माझ्यामागं उभं राहून सांगाल. एकटे जा."

गयाबाई दारात भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. माझं अक्षर, माझा शेरा, माझी सही. ती सोलत राहिली. मग म्हणाली, "सापाचं तुमी लिवलं?"

"हो."

"अन् म्या समजून राह्यली होती, साहेबानं लिवलं." तिनं शेंगा बाजूला सारल्या. "मले वाचता येत नाई. त्या कागदावर आता काय लिवलं, ते मले वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मी पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचलं. तिनं आतून पाणी आणून दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही.

खुलासा मी तसाच पाठवला. माझ्या सर्व्हिस बुकात लाल शाईनं नोंद झाली, बेशिस्त वर्तनाची. रिटायर होताना नवे साहेब ते बुक चाळत होते. चांगला माणूस. म्हणाले, "एवढ्या जुन्या गोष्टीचा डाग कशाला ठेवता? एक अर्ज करा, काढून टाकतो."

मी म्हणालो, "राहू द्या साहेब. सगळ्या बुकात तेवढंच एक पान मी स्वतःच्या हुकमानं मिळवलेलं आहे."